साप अडतो तेव्हा

"अडणं" हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरतात. गाय अडली, म्हैस अडली, शेळी अडली. पूर्वी बाई अडली असंही म्हणायचे आणि ते म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. गोठा असलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही हा शब्द ऐकला की रात्रीचे दोन, कंदील किंवा बॅटरी, गरम पाण्याची बादली आणि जनावरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल आठवते. कोंबडीचं अंडं अडतं हेही आम्हाला ठाऊक होतं. पण साप अडतो हे मात्र आमच्या घराला २०२५ च्या फेब्रुवारीत कळलं.

तर आधी हे सांगायला हवं की आमच्या घरात साप आहे :) कोरेगाव भीमा म्हटलं की लोकांना १ जानेवारी आठवतो, किंवा नगर रस्त्यावरचं ट्रॅफिक. आमचं घर रस्त्यापासून आत, उसाच्या कडेला. इथे साप ही नवलाई नाही. धामण, नाग, घोणस, मण्यार, तस्कर, नदीकडे गेलात तर दिवड. पण ते सगळे बाहेरचे. आमचा जो आहे तो माझ्या पुतण्याचा, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, काचेच्या पेटीत राहणारा बॉल पायथन. आफ्रिकेतली जात. पुतण्या पुण्यात कॉलेजला असताना २०२१ मध्ये तो घेऊन आला, तेव्हा माझी आई आठ दिवस वर गेली नव्हती. नाव ठेवलं बंड्या. आता सणसवाडीच्या कंपनीतून संध्याकाळी घरी आला की आधी वर जाऊन बंड्याला बघतो आणि मग चहा घेतो.

कायद्याचं आताच सांगतो, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. आपल्याकडचा कुठलाही रानटी साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो बिनविषारी का असेना. बॉल पायथन परदेशी, पण त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. पुतण्याने ती केली आहे. नोंदणीच्या कागदाची एक प्रत आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) गाईच्या विम्याच्या फाईलमध्ये लावून ठेवली आहे.

त्या हिवाळ्यात बंड्याने दिवाळीपासून काही खाल्लं नव्हतं. थंडीत ही जात उपाशी राहते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. जानेवारीत त्याने कात टाकली. मग तो पेटीच्या गरम बाजूला विचित्र पडून राहायला लागला, वेटोळ्याचा खालचा भाग वर करून, पोट उताणं. पुतण्याने फोटो काढले, मित्रांना पाठवले. आणि एका बुधवारी पहाटे पेटीत चार अंडी!

पुतण्या खालपर्यंत ओरडत आला, "काका, बंड्याने अंडी घातली!"

घरात जो हलकल्लोळ झाला तो सोडून देतो. साप विकणाऱ्याने नर म्हणून दिला होता आणि चार वर्षं कुणी खात्री केली नव्हती. नराशिवाय अंडी कशी, हा आईचा प्रश्न. कोंबडी नाही का घालत, तशी. सापाची मादीही कधीकधी नुसती फोल अंडी घालते. नाव मात्र बंड्याच राहिलं. इतक्या वर्षांनी कुठे बदलायचं?

अंडी पिवळट, मेणासारखी दिसत होती. बंड्या त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. ही जात आणि आपला अजगर दोघीही अंड्यांना अशा कवेत घेऊन बसतात. अजगराची मादी तर अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. सगळं छान दिसत होतं. फक्त शेपटीच्या वरच्या बाजूला, शरीराच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, दोन फुगवटे होते. पुतण्या म्हणाला, राहिलेली दोन घालेल आता. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी लाईट गेली ती संध्याकाळी आली (आमच्याकडे गुरुवारचं हे नेहमीचंच) आणि पेटीखालची गरम गादी दिवसभर थंड. फुगवटे तसेच.

गुरुवारी संध्याकाळी आबा जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते सहसा वर येत नाहीत. पेटीजवळ खुर्ची ओढून बसले, बराच वेळ बघत राहिले आणि एकच प्रश्न विचारला. "शेवटचं अंडं कवा घातलं?"

पुतण्या सांगायला लागला की ती शांत आहे, त्रास दिसत नाही, जीभ काढते, श्वास नीट आहे...

"ते नको सांगू. येळ सांग."

मला तेव्हा एकदम लहानपणीचा गोठा दिसला. गाय अडली की आबा हेच विचारायचे. पाण्याची पिशवी कधी फुटली? किती वाजता? गाय हंबरते, कण्हते, पाय झाडते, उठबस करते, म्हणजे तिचं दुखणं दिसतं. तरीसुद्धा आबांचा भरवसा तिच्या चेहऱ्यावर नव्हता, घड्याळावर होता. सापाला तर आवाज नाही, पापण्या नाहीत, कपाळाला आठी नाही. अडलेला साप आणि निवांत साप यांत आपल्याला दिसण्यासारखा फरक पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ नसतो. म्हणून वेळ मोजायची. मी नंतर जे वाचलं आणि डॉक्टरांकडून जे ऐकलं त्याचं सार हेच होतं, आणि ते आबांनी साप कधी हातात न धरता ओळखलं.

सापाचं अंड्यांचं काम साधारणपणे एका बैठकीत उरकतं. काही तास, फार तर एखादा दिवस. काही अंडी बाहेर आली आणि बाकीची आत दिसताहेत, आणि दोन दिवस उलटले तरी पुढे काही नाही, तर ते अडलं असं धरून डॉक्टर गाठायचा. एकही अंडं आलं नसेल तर हिशेब कातीपासून करायचा. बऱ्याच जातींच्या माद्या अंडी घालण्याआधी एकदा कात टाकतात. धामणीच्या कुळातल्या सापांत त्यानंतर साधारण आठ-पंधरा दिवसांत अंडी येतात, बॉल पायथनमध्ये महिनाभराने, कधी त्याहून उशिरा. म्हणून कातीची तारीख लिहून ठेवावी. पुतण्याने ती मोबाईलमध्ये लिहिली होती, ही त्याची हुशारी.

आणि काही गोष्टी दिसल्या तर तास मोजत बसायचंच नाही. कळा देऊन देऊन काहीच बाहेर येत नाही, गुदद्वारातून लालभडक मांस बाहेर लोंबतंय, रक्त किंवा घाण वासाचा स्राव येतोय, साप दोरीसारखा ढिला पडलाय. असं असेल तर रात्र आहे की रविवार हे बघू नये.

आता गावातले उपाय. पहिला आईचा. "एरंडेल लावून हलक्या हाताने खाली सारा." कोंबडीला ती करते असं. शेजारच्या काकूंनीही दुजोरा दिला. आबांनी दोघींना हात लावू दिला नाही, आणि बरं केलं. सापाची अंडनलिका पातळ असते, अंडं कधीकधी तिच्या भिंतीला चिकटलेलं असतं. बाहेरून दाबलं तर अंडं पुढे सरकायच्या ऐवजी नळीच फाटते किंवा अंडं आत फुटतं. मग जे पोटात पसरतं त्याने साप जातो. ओढून काढणं हाही त्याच जातीचा उद्योग.

दुसरा उपाय गल्लीतल्या एका दूधवाल्याचा. त्याने खिशातून काढल्यासारखं सुचवलं, "ते दूध उतरवायचं इंजेक्शन थोडंसं टोचा की." म्हणजे ऑक्सिटोसिन. गोठ्यांतून ते चोरून वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे. गंमत अशी की हा उपाय अगदीच हवेतला नाही. डॉक्टरही सापाला हे औषध देतात. पण कासवांत ते जितकं गुण देतं तितकं सापांत देत नाही. आणि अंडं मोठं किंवा वाकडं असून वाट बंद असेल, तर या औषधाने आतून जोर वाढतो, पुढे जायला जागा नसते आणि नळी फुटते. म्हणून आधी वाट मोकळी आहे का ते तपासायचं, मग औषध. गोठ्यातल्या बाटलीतून अंदाजाने टोचणं म्हणजे मरणच.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते सरळ म्हणाले, "गाय असती तर आत्ता आलो असतो. सापाचं मी केलेलं नाही." आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. मला हे उत्तर फार आवडलं. येऊन काहीतरी टोचून पैसे घेऊन जाणं त्यांना काही अवघड नव्हतं.

एक मनात येतं ते लिहून टाकतो. सापांच्या बाबतीत पुणं काही मागासलेलं नाही. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले होते, आणि पुढे त्यांनीच उभं केलेलं सर्पोद्यान आज कात्रजला आहे. आमच्या पिढीची शाळेची सहल तिथे गेली नाही असं होत नाही. मुंबईला हाफकिन संस्था आहे, तिथलं सर्पविष आणि प्रतिविष आपण पाठ्यपुस्तकात वाचलं. गावोगाव सर्पमित्र आहेत. पण हे सगळं ज्ञान सापाच्या दातांभोवती फिरतं. कुठला विषारी, चावला तर काय, पकडायचा कसा. सापाचं पोट दुखतं तेव्हा काय, हे विचारायची वेळ आपल्यावर आलीच नव्हती. नागपंचमीला आम्ही जमीन खणत नाही, नांगर धरत नाही, कारण कहाणीतल्या नागिणीची पिल्लं नांगराच्या फाळाने मेली. म्हणजे साप हीसुद्धा आई असते हे आपल्या कहाणीला ठाऊक आहे. दवाखान्यांना ते आत्ता कुठे कळायला लागलंय. असो.

शुक्रवारी पहाटेच निघालो, वाघोलीची गर्दी सुरू व्हायच्या आत. बंड्याला उशीच्या सुती अभ्र्यात घातलं, अभ्रा झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, आणि डब्याशेजारी पंचात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. चार अंडी घरीच. आबांनी त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं. फोल आहेत म्हणून सांगितलं तरी टाकलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा तारखा विचारल्या. कात कधी, पहिलं अंडं कधी, शेवटचं कधी, पेटीचं तापमान किती, पाणी किती पिते. मग क्ष-किरण. मी फोटोत कोंबडीच्या अंड्यासारखं पांढरं काहीतरी शोधत होतो, पण सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं, चुना फार कमी. त्यामुळे नुसत्या पुसट सावल्या दिसतात. सोनोग्राफीत नीट दिसलं. एक अंडं अगदी दाराशी येऊन थांबलेलं, जरा जास्तच जाड. त्याच्यामागे दुसरं, रांगेत उभं असल्यासारखं.

का अडलं? डॉक्टरांनी एकच कारण दिलं नाही. अंडं मोठं असणं हे एक. दुसरं म्हणजे पेटीत अंडी घालायला जागाच नव्हती. अंधारी, ओलसर, अंग चिकटून बसेल अशी जागा मादीला लागते. ती मिळाली नाही तर ती धरून ठेवते, आणि धरून ठेवता ठेवता अडते. पेटीतल्या सापाला व्यायाम नसतो, स्नायू ढिले पडतात. त्यात पाणी कमी, आणि गुरुवारची थंड गादी. सापाच्या अंगाला स्वतःची ऊब नाही. बाहेर थंडी असेल तर आतले स्नायूही काम थांबवतात. रानात अडणं फारसं पाहायला मिळत नाही आणि पेटीत दिसतं, त्यामागे यातलंच काही ना काही असतं.

आधी तिला ऊब दिली, सलाईन दिलं. मग भूल देऊन दारातलं अंडं आतून दिसेल असं करून त्यात सुई घातली आणि सिरिंजने आतलं सगळं ओढून घेतलं. पिवळं, घट्टसर. अंडं फुग्यासारखं बसलं आणि रिकामं कवच हलकेच बाहेर काढता आलं. हे लवकर आलं तरच साधतं, असं डॉक्टर म्हणाले. दिवस जातात तसं आतलं गोठत जातं, मग सुईतून काही येत नाही आणि पोट उघडण्यावाचून इलाज राहत नाही. ते ऑपरेशनही करतात, साप जगतातही, पण मग वेगळीच गोष्ट. मागचं अंडं तसंच ठेवलं. वाट मोकळी झाल्याची खात्री करून इंजेक्शन दिलं आणि रात्रभर गरम पेटीत ठेवून घेतलं. शनिवारी सकाळी पुतण्याच्या मोबाईलवर फोटो आला. सहावं अंडं, आपणहून.

बिल ऐकून आबा म्हणाले, "येवढ्यात शेळी आली असती." मग थोडं थांबून, "पण शेळी अडली असती तरी दिलेच असते."

इथे थांबता आलं असतं, पण याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी दुसरी एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. गावाबाहेर प्लॉटिंग चाललंय, ते तर सगळीकडेच चाललंय. जेसीबीने जुना बांध फोडला आणि त्यातून एक मोठी धामण निघाली. तिथे काम करणाऱ्या पोरांपैकी एकाने ती पोत्यात घातली आणि खोलीवर नेली. मारायला नव्हे, दाखवायला, व्हिडिओ काढायला. पोर चांगलं आहे, धामण बिनविषारी हे त्याला माहीत होतं. पोत्यात तिने दोन दिवसांत नऊ अंडी घातली आणि मग थांबली. पोट फुगलेलंच. त्याला काहीतरी चुकतंय हे कळलं होतं, पण सांगणार कुणाला? साप घरात ठेवला म्हणून आपल्यावरच केस होईल, ही भीती. अजून तीन दिवस गेले. शेवटी त्याने आमच्या पुतण्याला गाठलं, कारण "तुझ्याकडे पण साप आहे ना". पुतण्याने लगेच ओळखीच्या सर्पमित्राला आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन लावला. त्यांची माणसं आली, अंडी वेगळी घेतली, धामण उपचाराला पाठवली. ती वाचली नाही. पोटात अजून पाच अंडी होती. बाहेरची नऊ कोरड्या-ओल्याचा अंदाज ठेवून उबवली. दोन महिन्यांनी सात पिल्लं निघाली आणि ती नदीकडच्या रानात सोडली.

मी त्या पोराला दोष देत नाही. पाच दिवस त्याने तिला पाणी पाजलं, सावलीत ठेवलं. कायदा हवाच, त्याच्याशिवाय मांडुळं आणि कासवं कधीच संपली असती. पण कायद्याची भीती आणि सापाची वेळ एकाच पोत्यात बांधली गेली आणि वेळ हरली. १९२६ हा नंबर अशाच वेळी लावायचा असतो. रानातला साप सापडला, जखमी झाला, पोटुशी वाटला, की त्याच तासाला. आमच्या वाडीत तो आता दुधाच्या डेअरीच्या भिंतीवर लिहिलाय, पुतण्यानेच रंगाचा डबा नेऊन.

आणि हे फक्त अंडी घालणाऱ्यांचंच असतं असं नाही. घोणस, मांडूळ, हरणटोळ हे पिल्लं देतात. तेही अडतात. त्यांच्यात फुगवटे वेगळे मोजता येत नाहीत, त्यामुळे ओळखणं आणखी कठीण.

बंड्या दीड महिन्याने जेवली. आता पेटीच्या एका कोपऱ्यात झाकणाला भोक पाडलेला डबा आहे, आत ओला काथ्या. गुरुवारसाठी इन्व्हर्टर घेतला. डॉक्टर म्हणाले, एकदा अडलेली पुन्हा अडू शकते, पुढच्या वर्षी लक्ष ठेवा. म्हणून आबांनी गोठ्याच्या वहीत एक पान तिच्या नावाने काढलंय. गाभण गाईच्या तारखा जिथे असतात, त्याच्या पुढचं पान. वजन, कात, खाल्लं की नाही. परवा बघितलं तर शेवटची नोंद आबांच्या अक्षरात होती: "बंड्या. कात टाकली. गुरुवार."